मॅच गहुंज्याला, घर अवसरीला

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



क्रिकेटवर बोलणारी माणसं आपल्याकडं पुष्कळ आहेत. कुणी कसं खेळायला हवं होतं, कुणाला संघात घ्यायला हवं होतं, हे पारावर बसलेला कुणीही सांगेल. मी त्यातलं काही बोलणार नाही. मी बोलणार आहे ते मैदानापर्यंत पोचण्याबद्दल, आणि त्याहून जास्त, मैदानावरून घरी येण्याबद्दल. मॅच संपली की टीव्हीवाला टीव्ही बंद करतो आणि अंथरुणावर पडतो. मैदानावर गेलेल्या माणसाची खरी मॅच तेव्हा सुरू होते.

मी राहतो अवसरी बुद्रुकला. आंबेगाव तालुका, मंचरच्या जवळ. शेती आहे, गाई आहेत, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतो. आमच्या तालुक्यात रेल्वे नाही. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा आमच्या लहानपणापासून आहे. कधी मार्ग बदलतो, कधी खोडदच्या मोठ्या दुर्बिणीला अडचण होते म्हणून काम अडतं. रूळ काही अजून आलेले नाहीत. म्हणजे आम्हाला कुठंही जायचं तर आधी मंचर, मग नाशिक-पुणे रस्ता, आणि मग एसटी. देवाला जायचं असो, दवाखान्यात जायचं असो, की मॅचला.

पूर्वी हे सोपं होतं. पुण्यात मॅच म्हणजे नेहरू स्टेडियम, आणि नेहरू स्टेडियम म्हणजे स्वारगेट. मंचरला गाडीत बसायचं, शिवाजीनगरला उतरायचं, तिथून सिटी बसनं स्वारगेट. पुढं पाच-दहा मिनिटं चालायचं. १९९६ चा विश्वचषक आठवत असेल. २९ फेब्रुवारीला तिथं केनिया आणि वेस्ट इंडीजची मॅच होती. मी तेव्हा कॉलेजात होतो. आम्ही चौघं मित्र निघालो, तेव्हा आमचे थोरले चुलते म्हणाले, "केनियाची मॅच बघायला कुणी एसटीचे पैसे घालतं का?" आम्ही गेलो. केनियाच्या १६६ धावा झाल्या. आता वेस्ट इंडीजवाले तासाभरात उरकतील म्हणून आम्ही परतीच्या गाडीचा विचार करायला लागलो, तर ते ९३ मध्ये सगळे बाद! लारासुद्धा गेला. केनियाची पोरं मैदानाला फेरी मारत होती आणि पुण्याचे लोक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होते. ऊन उतरायच्या सुमाराला आम्ही बाहेर पडलो आणि रात्री जेवायला घरी होतो. आज सांगताना मला त्या निकालाइतकंच या दुसऱ्या गोष्टीचं नवल वाटतं. विश्वचषकाची मॅच पाहिली आणि रात्रीची भाकरी घरी खाल्ली.

पुढं हे मैदान मागं पडलं. २००५ मध्ये भारत-श्रीलंका मॅच झाली, त्यानंतर आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना काही तिथं झाला नाही. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशननं गहुंज्याला स्वतःचं मैदान बांधलं. २०१२ मध्ये ते सुरू झालं. आर्किटेक्ट इंग्लंडचे, मायकेल हॉपकिन्स यांची संस्था. सदतीस हजारांवर माणसं बसतील असं ते मैदान झालं, आणि दिसायलाही देखणं. गहुंजे गाव मावळ तालुक्यात. पुणे महापालिकेत नाही, पिंपरी-चिंचवड महापालिकेतही नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे शेजारून जातो. मुंबईहून मोटारीनं येणाऱ्याला शहरात शिरावं लागत नाही. जमीनही अशा ठिकाणीच मिळते. शहराच्या पोटात चाळीस हजार माणसांचं मैदान आज कुणी बांधू म्हटलं तरी बांधता येणार नाही, हेही कबूल करायला हवं.

आता गंमत बघा. नकाशावर दोरी टाकून मोजलं, तर आमच्या अवसरीपासून गहुंजे स्वारगेटपेक्षा लांब नाही, कदाचित थोडं जवळच पडावं. चाकणला वळायचं, तळेगावला जायचं, तिथून जुन्या हमरस्त्यानं थोडं पुण्याकडं यायचं. ही वाट मला पाठ आहे. आमच्याकडचा भाजीपाला वाशीच्या मार्केटला जातो तो याच रस्त्यानं. मालाबरोबर मी कितीदा तरी रात्रीचा गेलोय. पण माल तळेगावच्या वाटेनं जातो आणि माणसं पुण्याच्या वाटेनं जातात. मालाला पिकअप आहे, माणसाला एसटी. आणि एसटी जिथं जाते तिथंच आपण जायचं. तेव्हा मैदान आम्हाला अंतरानं जवळ आलं आणि वाहनानं लांब गेलं.

पुणं पसरलंय म्हणतात, ते खरंच आहे. आम्ही लहान असताना भोसरीला पोचलो की पुणं जवळ आलं असं वाटायचं. आता चाकणलाच मोटारींचे कारखाने, गोदामं, कंटेनर, आणि दोन-दोन तास न हलणारी रांग. आमचे चुलते म्हणतात, "आपण कशाला जायचं पुण्याला? पुणंच येतंय आपल्याकडं." पण पसरलेल्या शहराचं एक असतं. ते तुमच्या दाराशी येतं ते कारखाने घेऊन, प्लॉटिंग घेऊन. रात्रीची बस घेऊन येत नाही.

मी हे पसरण्याला नावं ठेवत नाही. मुंबई काय कमी पसरलेली आहे? विरार कुठं, चर्चगेट कुठं! पण वानखेडे चर्चगेट स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ब्रेबॉर्नही तिथंच. नव्या मुंबईतलं डी. वाय. पाटील स्टेडियम नेरूळ स्टेशनच्या जवळ. वसईचा माणूस रात्री अकराला मॅच पाहून निघाला तरी लोकल त्याला घरी नेऊन टाकते. तिथं शहराला लांबी आहे, पण कणा आहे. पुण्याला पसारा आहे आणि कणा अजून बसतोय. पुणे-लोणावळा लोकल आहे खरी. गहुंज्याला जवळची स्टेशनं देहूरोड आणि बेगडेवाडी. पण ही लोकल मुंबईसारखी तीन-चार मिनिटांनी येणारी नव्हे. आणि आम्ही नाशिक रस्त्यानं येणार, म्हणजे ती पकडायची तर आधी कासारवाडीला तरी पोचायचं. मेट्रोचं म्हणाल, तर ती २०२२ मध्ये पिंपरीहून सुरू झाली, २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत गेली. दुसऱ्या टोकाला, निगडीकडं, ती वाढवायचं कामही हाती घेतलेलं आहे. मैदान निगडीच्याही पुढं आहे.

असो. मूळ गोष्टीकडं येतो.

१९ ऑक्टोबर २०२३. विश्वचषकात भारत विरुद्ध बांगलादेश, गहुंज्याला. त्याआधी पुण्यात विश्वचषकाच्या मॅचेस झाल्या होत्या. १९८७ मध्ये इंग्लंड-श्रीलंका झाली, १९९६ ची तर मी पाहिलेलीच. पण विश्वचषकात भारताची मॅच पुण्यात कधी झाली नव्हती. माझ्या मुलानं मोबाइलवरून खटपट करून चार तिकिटं मिळवली. त्याचं, त्याच्या मित्राचं, माझं, आणि चौथं नानांचं. नाना म्हणजे तेच आमचे थोरले चुलते, ज्यांनी केनियाच्या मॅचला नाक मुरडलं होतं. वय शहात्तर. या माणसानं उभं आयुष्य क्रिकेट ऐकलं. बाळ ज. पंडितांचं मराठीतलं समालोचन त्यांनी बैलांमागं चालता चालता ऐकलंय. ट्रान्झिस्टर गळ्यात अडकवलेला. वाडेकर, गावसकर, विश्वनाथ यांची खेळण्याची लकब ते हात करून दाखवायचे, आणि यातल्या एकालाही त्यांनी मैदानावर पाहिलं नव्हतं. घरच्या अडचणी, दुष्काळ, पोरींची लग्नं. मैदानावर जायचं राहून गेलं.

आता शहात्तर वर्षांच्या माणसाला न्यायचं म्हणजे नुसतं तिकीट पुरत नाही. शिवाय दिवस नवरात्राचे, पाचवी माळ. नानांचे नऊ दिवस उपास, आणि नऊ दिवस पायात चप्पल नाही. मॅच दुपारी दोनला सुरू होणार आणि दोन्ही डाव पुरे झाले तर रात्री दहा-साडेदहाला संपणार.

मी आधी परतीचा विचार केला. पोरं हसली. म्हणाली, "दादा, आधी जायचं कसं ते तरी ठरवा." मी म्हटलं, जायचं काय, दिवसाउजेडी माणूस कुठंही पोचतो. मंचरच्या स्टँडवर जाऊन चौकशीच्या खिडकीला विचारून आलो, की रात्री उशिरा पुण्याहून नाशिककडं निघणाऱ्या गाड्या कोणत्या आणि त्या नाशिक फाट्याला साधारण केव्हा येतात. एक गोष्ट इथं सांगून ठेवतो. शिवाजीनगरचं स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला हललं. आमच्या गावात अजून लोक 'शिवाजीनगर' म्हणतात आणि रिक्षावाल्याला भलतीकडं नेतात. पण गहुंज्याच्या माणसाला वाकडेवाडीला जायचं कारणच नाही. नाशिक रस्ता आणि जुना मुंबई रस्ता जिथं मिळतात तो नाशिक फाटा. तिथंच उतरायचं आणि परत तिथंच चढायचं. सारं पुणं ओलांडून पुन्हा मागं यायचं हा शहाणपणा नव्हे. पसरलेल्या शहरात जाताना शहराचं नाव विसरायचं आणि आपल्याला लागेल तेवढा कोपरा लक्षात ठेवायचा.

माझी पत्नी हे सगळं ऐकत होती. तिनं एकच विचारलं. "आम्ही चौघी बायका गेलो असतो, तर रात्री बारा वाजता नाशिक फाट्याला उभ्या राहिलो असतो का?" आमच्या गावच्या बायका आळंदीला जातात, भीमाशंकरला जातात, वारीत चालतात. मॅचला गेलेली एकही मला ठाऊक नाही. आणि क्रिकेट त्यांना कळत नाही असं मुळीच नाही. हिला लेगबाय आणि बाय यांतला फरक माझ्या आधी कळला होता. तिच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

सकाळी धारा काढल्या, संध्याकाळच्या धारांची जबाबदारी भावजयीनं घेतली, आणि सातला आम्ही दोन मोटारसायकलींवर मंचरला आलो. गाड्या तिथं पाहुण्यांच्या दारात लावल्या. रात्री मंचरहून अवसरीला यायला दुसरं काही मिळणार नाही, हे उघड होतं. एसटीत बसलो. नानांना तिकीट नाही. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली ती २०२२ मध्ये, आणि तेव्हापासून नाना वाटेल त्या कारणानं मंचरला जाऊन येतात. चाकणला नेहमीप्रमाणे गाडी अडकली. भोसरीला उतरून निगडीची सिटी बस धरली. निगडीहून मॅचसाठी खास बस सोडल्या होत्या. पुण्यातूनही सोडल्या होत्या, महापालिका भवनापासून आणि कात्रजकडून. ही सोय चांगली असते. फक्त ती कुठून सुटते हे आदल्या दिवशीच्या पेपरात असतं, आणि ते नीट वाचून ठेवावं लागतं.

त्या बसमध्ये सगळ्यांच्या अंगात निळे शर्ट, गालावर तिरंगा, आणि मध्ये आमचे नाना. धोतर, टोपी, अनवाणी. एका पोरानं त्यांना उठून जागा दिली आणि विचारलं, "आजोबा, कोहलीसाठी का?" नाना म्हणाले, "मला बघायचंय मैदान केवढं असतं ते."

बस जिथं थांबली तिथून मैदान दिसत होतं, पण चालायचं पुष्कळ होतं. ऑक्टोबरचं ऊन, डांबर तापलेलं. नाना रस्त्याच्या कडेच्या मातीतून चालले. मी म्हटलं, देवीला सांगा, आजच्यापुरती चप्पल घालू द्या. ते काही बोलले नाहीत. आत खायचं काही नेता येत नाही, हे तिकिटावरच्या नियमांत मुलानं वाचलं होतं. बाटली नाही, पिशवी नाही. म्हणून गेटच्या अलीकडं एका बाभळीखाली बसून नानांनी केळी आणि शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. ट्रान्झिस्टर त्यांनी घरीच ठेवला होता. गेटवर काढून घेतला तर जिवाला लागलं असतं.

आत गेलो आणि नाना कठड्याला धरून उभेच राहिले. एवढं हिरवं मी माझ्या शेतातही पाहिलेलं नाही. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लहान आहे रे." मला कळेना. त्यांच्या मनात साठ वर्षं जे मैदान होतं, ते याच्यापेक्षा मोठं असणार.

मॅच सुरू झाल्यावर दुसरीच पंचाईत झाली. नानांना काही कळेना. कोण बोलर, चेंडू कुठं पडला, हात कशाला वर केला. रेडिओवर सगळं सांगायला माणूस असतो. मैदानावर कुणी काही सांगत नाही! सदतीस हजार माणसं एकदम ओरडतात आणि आपण शेजाऱ्याला विचारायचं, काय झालं? मग माझा मुलगा त्यांच्या कानाशी बसला आणि समालोचन करू लागला. "नाना, बुमराह धावत आला... ऑफला टाकला... सोडून दिला." नाना मान डोलवायला लागले. एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतः हेरली. फलंदाजानं मारलेलं आधी दिसतं आणि बॅटचा आवाज मागून येतो. आम्ही लांबच्या बाजूला बसलेलो. "रेडिओत दोन्ही एकदमच येतं," ते म्हणाले.

मध्येच हार्दिक पंड्याचा पाय दुखावला. तीन चेंडू टाकून तो बाहेर गेला आणि उरलेलं षटक टाकायला कोण आलं, तर कोहली! जो काही गलका झाला म्हणता. तेवढ्या गर्दीत मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे पंड्याचं नेमकं काय झालं ते आम्हाला घरी आल्यावर कळलं. घरी टीव्हीपुढं बसलेल्या माझ्या पत्नीला सगळं आमच्या आधी ठाऊक होतं. बांगलादेशच्या २५६ झाल्या.

भारताची सुरुवात जोरात झाली, रोहित ४८, गिल ५३. माझं अर्धं लक्ष धावफलकाकडं आणि अर्धं घड्याळाकडं. घरून निघतानाच मी ठरवून टाकलं होतं, की साडेनऊला मॅच ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत उठायचं. नाशिक फाट्याची गाडी चुकली तर निगडीला एका नातेवाइकांकडं जाऊन पडायचं, तेही त्यांना आधी सांगून ठेवलं होतं. पण मग सकाळच्या धारा? नानांची पूजा?

शेवटी शेवटी काय झालं ते साऱ्या देशानं पाहिलं. जिंकायला थोड्या धावा हव्यात आणि कोहलीच्या शतकालाही जवळजवळ तेवढ्याच. राहुल एकेरी धाव घेईना. मैदानात नुसता जल्लोष. माझ्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ बायको-मुलांसह बसले होते. तेही घड्याळ बघत होते. ते मला हळूच म्हणाले, "साहेब, आम्ही बारामतीचे." मी म्हटलं, "आम्ही मंचरचे." आम्हा दोघांना त्या न घेतलेल्या एकेका धावेची किंमत कळत होती. मुलाकडं मात्र मी बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यानं मला वाचलं असतं.

नऊ वाजून गेल्यावर मॅच संपली. ५० पैकी ४१ षटकं आणि तीन चेंडू. भारत सात गडी राखून जिंकला, कोहली १०३. खाली फटाके, वर धूर. आणि मग ती सगळी माणसं एकाच वेळी घरी निघाली.

ते दृश्य टीव्हीवर दाखवत नाहीत. मोटारीवाल्यांचा ताफा शेतांमधल्या पार्किंगमधून बाहेर पडायला लागला, तो दिव्यांची माळ होऊन जागच्या जागी थांबला. भाड्याच्या टॅक्सीसाठी मोबाइल हलवणारी पोरं रस्त्याच्या कडेला रांगेनं उभी, पण रेंज नाही तर टॅक्सी कुठून येणार? आम्ही मात्र सरळ चालत बसकडं गेलो. नानांचे पाय दुखत होते. मुलगा आणि त्याचा मित्र दोन्हीकडून धरून होते. बस गर्दीतून मुंगीसारखी निघाली. निगडीला पोचायला अकरा वाजून गेले. तिथून रिक्षा करून नाशिक फाटा. पुलाखाली आणखी पंधरा-वीस माणसं उभी. कुणी नारायणगावचं, कुणी जुन्नरचं, दोघं थेट संगमनेरचे. सगळ्यांनी तोच हिशेब केलेला. बाराच्या पुढं गाडी आली. सगळे उभे राहून, पण सगळे चढले. नानांना कंडक्टरनं आपली जागा दिली. त्या माणसाचं नावही मला ठाऊक नाही. दीड-पावणेदोनला मंचर, दोनला घर.

दोन-तीन दिवसांनी चुलत भावाच्या मुलाचा अमेरिकेतून फोन आला. तो टेक्सासमध्ये डॅलसच्या बाजूला असतो. हे सगळं ऐकून तो म्हणाला, "काका, आमच्याकडं याहून वाईट आहे." तिथला बेसबॉलचा संघ, टेक्सास रेंजर्स, खेळतो आर्लिंग्टन नावाच्या गावात, डॅलस आणि फोर्ट वर्थच्या मध्ये. केवढं मोठं मैदान, वर उघडझाप करणारं छप्पर. २०२० मध्ये सुरू झालं. पण त्या गावात आपल्यासारखी ठरलेल्या मार्गावरची सिटी बसच नाही. मोटार असेल तर जा, नसेल तर ज्याच्याकडं आहे त्याला गाठा. तो तिथं नवीन होता आणि लायसन्स मिळालेलं नव्हतं, तेव्हा ऑफिसातल्या लोकांबरोबर बेसबॉल बघायला जायचं म्हणून तीन दिवस आधी कुणाच्या मोटारीत जागा आहे ते विचारत फिरायचा. मी म्हटलं, म्हणजे आपल्या मंचरच्या स्टँडसारखंच की. तो म्हणाला, "स्टँड तरी कुठाय काका!"

त्याच भागात ग्रँड प्रेअरी म्हणून गाव आहे. तिथलं एक छोटं बेसबॉलचं मैदान २०२३ मध्ये क्रिकेटचं करून टाकलं. पुढच्या वर्षी, ६ जून २०२४ ला, टी-ट्वेंटीच्या विश्वचषकात अमेरिकेनं तिथं पाकिस्तानला हरवलं. सामना बरोबरीत सुटला आणि सुपर ओव्हर टाकली ती आपल्या सौरभ नेत्रावळकरनं. मुंबईचा मुलगा, भारताच्या एकोणीस वर्षांखालच्या संघातून खेळलेला, तिकडं सॉफ्टवेअर इंजिनिअर. मी पुतण्याला विचारलं, होतास का तू? तो होता. कसा गेलास? "चौघांनी मिळून. एकाच मोटारीत." आमचं रक्तच ते.

आणि एक उदाहरण देतो, ते गहुंज्याचंच. २०१८ मध्ये कावेरीच्या पाणीप्रश्नावरून चेन्नईत आंदोलन पेटलं आणि चेन्नई सुपर किंग्जच्या घरच्या मॅचेस पुण्याला हलवल्या. तर त्या संघानं चेन्नईहून पुण्याला एक अख्खी रेल्वेगाडी केली, सुमारे हजार प्रेक्षकांसाठी. पिवळे शर्ट घातलेली ती माणसं गाणी म्हणत हजार-बाराशे किलोमीटर आली, मॅच बघितली, वॉटसनचं शतक बघितलं आणि परत गेली. पेपरात फोटो आले होते. नाना तो फोटो बघून म्हणाले होते, "मद्रासची माणसं गहुंज्याला पोचली, आपल्याला अवसरीहून जमंना." त्या वाक्यामुळंच माझ्या मुलानं पाच वर्षांनी ते चौथं तिकीट काढलं, असं मला वाटतं. विचारलेलं नाही.

आमच्या गावाशेजारी, अवसरी खुर्दला, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. शेकडो पोरं असतात. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर, खेड, सगळीकडं क्रिकेटचं वेड. मॅचच्या दिवशी मंचरहून दोन गाड्या चाकण-तळेगाव मार्गे थेट गहुंज्याला सोडल्या आणि मॅच सुटल्यावर दीड तासानं परत आणल्या, तर त्या रिकाम्या जाणार नाहीत, हे मी पैजेवर सांगतो. आषाढीला, यात्रेला एसटी जादा गाड्या सोडतेच. ग्रुप बुकिंगही मिळतं. चाळीस-पंचेचाळीस माणसं एकत्र आली तर गाव ते मैदान गाडी होऊ शकते. आम्ही पुढच्या खेपेला तसंच करायचं ठरवलंय. यादी माझ्याकडं आहे. त्यात आत्तापर्यंत सव्वीस नावं झाली. त्यातली नऊ बायकांची आहेत आणि पहिलं नाव कुणाचं, ते सांगायला नको.

त्या रात्री दोनला झोपलेले नाना सकाळी सहाला डेअरीवर हजर होते. दुधाची किटली माझ्या हातात, बोलणं त्यांचं. भोवती दहा-बारा जण जमलेले. नाना एकेका विकेटचं वर्णन करत होते, हात वर करून, आवाज चढवून, थेट बाळ पंडितांच्या थाटात. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "नाना, कोहलीचा शेवटचा सिक्स कुठं गेला हो? ज्यानं शतक झालं तो?"

नाना म्हणाले, "तो नाही दिसला. पुढची सगळी माणसं उभी राहिली ना. आवाज मात्र ऐकला."